सत्तर टक्क्यांची गाडी

सासुरवाडीत त्यांचं नाव जराथांबराव पडलं ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी. मेहुण्याने रस्ता ओलांडायला पाऊल उचललं की हे म्हणणार, जरा थांब. सासूबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला की, जरा थांबा, गरम असेल. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्या गृहस्थांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते गार पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. नाव चिकटलं आणि मग गल्लीत, कामावर, सगळीकडे तेच झालं. त्यांना स्वतःला ते आवडायचं की नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते म्हणाले असते, जरा थांबा, विचार करून सांगतो.

त्यात त्यांचा दोष तरी किती! तेहतीस वर्षं माणूस लिफ्ट दुरुस्त करत असेल तर तो दुसरं काय होणार? लिफ्टच्या धंद्यात जिथे एक दोर सहज भार पेलतो तिथे पाच दोर बांधतात. पाचही तुटलेच, तर पेटीखाली लोखंडी जबडे असतात. वेग ठरल्यापेक्षा वाढला की ते आपोआप रुळांना चावतात आणि पेटी जागच्या जागी थांबते, आतल्या माणसाला कळायच्या आत. ह्या जबड्यांवर जराथांबरावांचा फार जीव. कुणाच्या घरी गेले की आधी लिफ्टची विचारपूस, मग माणसांची.

आणि एक नियम ते नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचे. एक जण वर यंत्राच्या खोलीत, दुसरा पेटीच्या छतावर, असं काम चालतं. वरच्याने लिफ्ट चालू करण्याआधी खाली आवाज द्यायचा आणि खालून उत्तर येईपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही. एकदा खालचा सोबती डबा खायला बसला होता, तोंडात घास म्हणून उत्तर देईना. जराथांबराव वर अर्धा तास हात मागे बांधून उभे राहिले. आठव्या मजल्यावरच्या एक बाई सामानाची पिशवी घेऊन ताटकळत होत्या. त्यांनी ह्यांचा यथेच्छ उद्धार केला. ह्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्माला आली. हे तिचं घरातलं नाव, आणि ते का पडलं हे सांगायला नको. शाळेत होती तेव्हा जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या ती कधी उतरली नाही, उडीच मारली. मोठी झाल्यावर मात्र तिने काम निवडलं ते भलतंच शांत: दंतवैद्यांसाठी खोटे दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. दिवसभर दिव्याखाली बसून दुसऱ्याच्या दाढा घासायच्या. हात असा स्थिर, की प्रयोगशाळेच्या मालकीणबाई अवघड कवळी आली की तिच्याकडेच द्यायच्या. ती म्हणायची, “दिवसभर केसाएवढं काम करते ना, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला काहीतरी दांडगं लागतं.”

हे दांडगं तिने चोवीस वर्षांची असताना घरी आणलं. दोन दारांची, आठ सिलिंडरची, रुंद खांद्यांची मसल कार. चार वर्षं जुनी, आणि मागून कुणीतरी इतकी जोरात ठोकलेली की मूळ मालकाने नाद सोडला होता. इंजिनाला मात्र ओरखडा नव्हता. ओढगाडीवरून ती दारात उतरली तेव्हा भिंगरीची आई ओट्यावर कपडे वाळत घालत होती. ह्या बाई शाळेच्या ग्रंथालयात काम करत, म्हणून हळू बोलायची सवय. पण हळू बोलूनही वर्मी लागेल असं बोलायच्या. “घरात एक जरा थांब म्हणणारा, आणि एक थांबतच नाही अशी,” त्या म्हणाल्या. “आता हे तिसरं. ह्याला ब्रेक तरी आहेत ना?”

जराथांबराव गाडीभोवती दोनदा फिरले. खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, “ब्रेकपासूनच सुरुवात करू.”

पुढची दोन वर्षं बापलेकीची फार सुखाची गेली. गाडीचा चेपलेला मागचा भाग कापून नवा जोडला. मागची सीट काढली, वजन कमी झालं. इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर बसवला, म्हणजे जास्तीची हवा आत कोंबणारा पंखा. जास्त हवा तर जास्त इंधन, जास्त इंधन तर जास्त जोर. मग तो जोर झेपावा म्हणून मागची चाकं फिरवणारा दांडा बदलला, रुंद आणि चिकट टायर आणले. सगळं पाना-हातोडीचं काम भिंगरी करायची. बाप बोल्ट घट्ट झाला का ते तपासायचा. ती वैतागायची, “बाबा, मी आत्ताच आवळलाय तो!” आणि ते म्हणायचे, “म्हणूनच बघतोय.”

आजकालच्या गाडीला मेंदू असतो. तुम्ही पाय दाबता तो इंजिनावर नाही, त्या मेंदूवर. किती हवा आत सोडायची हे तो ठरवतो. त्याला लॅपटॉप जोडून हवं ते शिकवता येतं. हल्लीच्या लिफ्टही तशाच चालतात, त्यामुळे हे काम जराथांबरावांकडे आलं. भिंगरीला त्या आकड्यांच्या तक्त्यांचा कंटाळा. “ते तुमचं खातं,” ती म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली सरकली. एवढा विश्वास आपण बँकेवरही ठेवत नाही.

गावाबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं तिथे उतरायची थांबून जमाना झाला होता. तिथे महिन्यातून एकदा ड्रॅग रेस भरायची. दोन गाड्या शेजारी शेजारी, पाव मैल सरळ रस्ता, तीन पिवळे दिवे आणि मग हिरवा. वळण नाही, डावपेच नाही. दहा-पंधरा सेकंदांत निकाल. तिथली एक रीत होती. प्रत्येकाने शर्यतीआधी आपल्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने आकडा लिहायचा: मी किती सेकंदांत जाणार. आयोजक तो आकडा बघून जोड्या लावायचे. फुशारकी मारून लिहिलं तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचं, हीच शिक्षा.

पहिल्या दिवशी भिंगरीने गाडी अशी सोडली की जराथांबरावांच्या हातातला कप तिरका झाला. अर्ध्या वाटेत गाडीची मागची बाजू उजवीकडे घसरली, सिमेंटच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गेली, आणि परत रेषेवर आली. बारा पूर्णांक तीन सेकंद. नवख्या मुलीने, पहिल्याच दिवशी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती हेल्मेट काढून हसत हसत आली, गाल लाल झालेले, म्हणाली, “बाबा, बघितलंत? पाय काढलाच नाही मी!”

बघितलं होतं त्यांनी. तेच तर बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर गेलेली असताना त्यांनी गाडीला लॅपटॉप लावला. पाय शंभर टक्के दाबला तरी इंजिनाचं तोंड सत्तर टक्केच उघडेल, असं केलं. आठवडाभरासाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हात बसेपर्यंत. खाली मुंडी आणि पाताळ धुंडी म्हणतात तसं काम. पण त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. लिफ्टच्या जबड्यांबद्दल आतल्या माणसाला कुठे कोण सांगतं?

आठवड्याचे चौदा महिने झाले.

पुढच्या रेसला तिने काचेवर लिहिलं बारा पूर्णांक तीन, आणि लागले तेरा पूर्णांक सहा. ती म्हणाली, रस्ता खराब असेल. पुढच्या वेळी टायरमधली हवा कमी केली. मग क्लचवरून पाय कसा उचलायचा ह्याचा सराव केला, अंगणात, रोज कामावरून आल्यावर, इंजिन बंद ठेवून, शंभर वेळा. तेरा पूर्णांक सहा. शेजारच्या गाड्या पुढे निघून जायच्या आणि ती त्यांच्या मागच्या दिव्यांकडे बघत पोचायची. कुणी म्हणालं, पहिल्या दिवशी आंधळ्याच्या गायी देवाने राखल्या, बाकी काही नाही. हळूहळू काचेवरचा आकडा वाढत गेला. बारा पाच. तेरा. शेवटी ती सरळ तेरा सहा लिहायला लागली, लहान अक्षरात.

एकदा परत येताना गाडीत ती म्हणाली, “मला कळलंय काय होतंय ते. त्या दिवशी भिंत जवळ आली ना, तेव्हापासून भीती बसलीय पायात. मला वाटतं मी पूर्ण दाबतेय. पण पायच दाबत नसणार.”

जराथांबरावांनी खिडकीतून बाहेर बघितलं. तेव्हाच बोलायचं होतं. पण ते मूग गिळून बसले, आणि एकदा बसल्यावर उठणं फार अवघड असतं. वर चोराच्या मनात चांदणं. तिने लॅपटॉपकडे नुसतं बघितलं तरी त्यांना घाम फुटायचा. काढून टाकावं, असं त्यांना दहादा वाटलं. पण काढलं की गाडी पळणार, पळाली की ती विचारणार, आणि काढलं नाही तर ती निदान जिवंत परत येते. हे गणित ते दर महिन्याला सोडवायचे आणि दर महिन्याला उत्तर तेच यायचं.

त्यांचं गणित मोडलं ते बायकोने. एका सकाळी त्या इस्त्री करता करता म्हणाल्या, “अहो, तिच्या मालकीणबाईंनी तिला दुसऱ्या शहरातली नवी प्रयोगशाळा सांभाळायला सांगितली होती. प्रमुख म्हणून. तुम्हाला बोलली?”

“नाही. कधी?”

“महिना झाला. नाही म्हणाली ती. मला म्हणते, आई, मला नाही जमणार. आधी वाटायचं मी कशालाच घाबरत नाही, पण ते खरं नव्हतं, गाडीने दाखवून दिलं.” त्यांनी इस्त्री उभी ठेवली. “आणि गाडीही विकतेय. ह्या रविवारी शेवटची रेस, मग गिऱ्हाईक येणार आहे बघायला. अहो, माझी पोरगी कधी अशी नव्हती. कुणाची दृष्ट लागली हो तिला?”

जराथांबराव खुर्चीवर बसले ते बसलेच. कुणाची लागली हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाडीला लगाम घातला असं त्यांना वाटत होतं. तो पोरीच्या मनाला बसला होता. स्वतःची भीती त्यांनी तिच्या पायात नेऊन ठेवली आणि ती बिचारी आपलीच समजून तिला पोसत होती. ते मनातून फार खजील झाले. इतके, की बायकोलाही सांगता येईना.

आणि मग त्यांनी काय करावं? सरळ जाऊन सांगावं, की पोरी, चुकलो. पण नाही. भित्र्या माणसाला पश्चात्तापही चोरून करावासा वाटतो. रविवारी सकाळी, ती अंघोळीला गेली असताना, त्यांनी लॅपटॉप लावून सत्तरचे शंभर केले. आज गाडी पळेल, तिला वाटेल आपण जिंकलो, भीती गेली. गाडी विकणार नाही, प्रयोगशाळेलाही हो म्हणेल. कुणाला काही कळायला नको. सगळं कसं गोड होईल! धावपट्टीपर्यंत ते वाटेत चक्क शीळ घालत होते.

ती रांगेत लागली. काचेवर तेरा सहा. पुढे दोन जोड्या. पुढच्या गाड्या पाण्यात चाकं फिरवून टायर तापवत होत्या, रबराचा धूर येत होता. ती हेल्मेटचा पट्टा आवळत होती, आणि जराथांबराव बाजूला उभे राहून तिच्या उजव्या बुटाकडे बघत होते. चौदा महिने तो बूट शेवटपर्यंत दाबला जात होता. आजही जाणार. फक्त आज इंजिनाचं तोंड पूर्ण उघडणार, आणि हे त्या बुटाला ठाऊक नाही.

त्यांना यंत्राची खोली आठवली. खाली माणूस आहे, आणि आपण आवाज न देता खटका दाबलाय. तेहतीस वर्षांत जे कधी केलं नाही ते आज केलं, तेही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

ते दोरी ओलांडून रांगेत घुसले. कुणीतरी ओरडलं, “ओ काका, बाजूला!” ते गाडीच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात बॉनेटवर टेकले, मग खिडकीशी आले. तिने काच खाली केली.

“बाबा, काय झालं? तेल गळतंय का?”

“नाही. गाडी जास्त पळणार आहे आज.”

“म्हणजे?”

“मी दाबून ठेवली होती. लॅपटॉपवरून. तू पाय पूर्ण दाबायचीस, ती सत्तरच द्यायची. आज सकाळी काढलं ते. तुला न सांगता.” त्यांनी खिडकीची कड धरली. “तुझ्या पायात काही नव्हतं गं. कधीच नव्हतं.”

मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसानंतर.”

“चौदा महिने?” ती हळू बोलली, आईसारखी. “चौदा महिने मी स्वतःला भित्री समजत होते, बाबा. रोज संध्याकाळी अंगणात सराव करायचे. तुम्ही खिडकीतून बघायचात.”

“हो.”

“बघत होतात?”

“हो.”

तिने हातमोजा काढला, बाहेर वाकून काचेवरचा आकडा पुसला आणि काच वर केली. आकडा नसलेल्या गाडीला जोडी मिळत नाही. तिला सगळ्यांच्या शेवटी एकटीने जावं लागतं. ती रांगेतून बाजूला झाली आणि तासभर गाडीत तशीच बसून राहिली. जराथांबराव दहा पावलांवर उभे. ऊन डोक्यावर आलं. ते एकदाही पुढे गेले नाहीत, ती एकदाही बाहेर बघेना. ह्यापेक्षा शिव्या बसलेल्या बऱ्या असं माणसाला वाटावं, असा तो तास होता.

मग तिची पाळी आली. एकटीच. पाण्यात चाकं फिरली, धूर झाला, पिवळे दिवे, हिरवा. गाडी अशी उसळली की पुढची चाकं हलकी झालेली दिसली. आणि तिथेच, जवळजवळ त्याच जागी, मागची बाजू उजवीकडे निघाली. भिंतीकडे. इंजिनाचा आवाज एकदम पडला, गाडी एकदा डोलली, सरळ झाली, आणि मग उरलेला रस्ता रमतगमत पार करून गेली.

पंधरा पूर्णांक नऊ. दिवसातला सगळ्यात वाईट आकडा. कुंपणापाशी कुणीतरी हसलं.

ती परत आली, वेळेची चिठ्ठी हातात घेऊन. हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर जराथांबरावांना न उलगडणारं काहीतरी. तिने चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली.

“ह्या वेळी पाय मी काढला,” ती म्हणाली. “गाडी सुटतेय हे कळलं, आणि मी काढला. मी, बाबा. तुम्ही नाही.”

त्यांना रडू आलं. सगळ्यांच्या देखत, छप्पन्न वर्षांच्या माणसाला. तिने त्यांना जवळ घेतलं नाही. तेवढा राग होताच, आणि तो असायलाच हवा होता. ती म्हणाली, “दुसरी फेरी चार वाजता आहे. लॅपटॉप आणा. अजून काय काय दाबून ठेवलंय ते सगळं दाखवा.”

अजून होतं. दुसऱ्या गिअरमध्ये थोडं, तिसऱ्यात थोडं. माणूस एकदा हातचं राखायला लागला की थोडक्यावर थांबत नाही. त्यांनी एकेक दाखवलं, तिने एकेक स्वतःच्या हाताने बदललं. काही तिने तसंच ठेवलं. ते का, हे तिने सांगितलं नाही. शेवटी वायर काढून तिने लॅपटॉप स्वतःच्या पिशवीत टाकला.

“प्रयोगशाळेचं…” त्यांनी सुरुवात केली.

“ते माझं मी बघेन.” मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. “तुम्हाला भीती वाटते ना, बाबा?”

“फार वाटते.”

“मग ती तुमच्याजवळ ठेवा. मला नका देऊ.”

तिने काचेवर नवा आकडा लिहिला, मोठ्या अक्षरात, आणि रांगेत गेली. जराथांबराव कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. छातीत धडधडत होतं, तळहात ओले झाले होते, जीभ टाळूला चिकटली होती. सगळं जिथलं तिथे, त्यांच्या स्वतःच्या अंगात. गाडी रेषेवर आली. पहिला पिवळा दिवा लागला तेव्हा त्यांना डोळे मिटावेसे वाटले, पण त्यांनी ते उघडे ठेवले.